पहिल्या पानावरून खाली आल्यावर



बालाघाटच्या आपल्या मराठी घरांमध्ये नोकरी, शेती आणि दुकान यांच्या जोडीला आता आणखी एक गोष्ट आली आहे, ती म्हणजे वेबसाइट. कुणी चिन्नोर तांदूळ थेट नागपूर-पुण्याच्या ग्राहकाला पाठवतं, कुणी वारासिवनीच्या हातमागाच्या साड्या दाखवतं, कुणाचे कोचिंग क्लास आहेत, तर कुणाचं कान्हाच्या बाजूला होमस्टे आहे. गाव छोटं, दुकान छोटं, पण गिऱ्हाईक कुठलंही असू शकतं, ही त्यातली गंमत.

या दुकानाची अडचण मात्र वेगळी आहे. रस्त्यावरचं दुकान आपल्या जागी असतं. वेबसाइट कुठे दिसणार, पहिल्या पानावर की पाचव्या, हे सर्च इंजिन ठरवतं आणि ठरवण्याची पद्धत ते अधूनमधून बदलतं. आपण काहीच केलेलं नसतं, तरी एका सकाळी आपला नंबर घसरलेला असतो आणि फोन वाजणं थांबलेलं असतं. गावाबाहेरून बायपास काढला की जुन्या रस्त्यावरच्या ढाब्याचं जे होतं, तेच. ढाब्याची भाजी बिघडलेली नसते, गाड्याच दुसरीकडून जायला लागलेल्या असतात.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. बी.ई. झाल्यावर काही वर्षं पुण्यात होतो, आता बालाघाटहूनच काम करतो. त्यामुळे "जरा आमची साइट बघून दे ना" हे वाक्य मला नात्यातून आणि ओळखीतून वरचेवर ऐकायला मिळतं. प्रत्येकाला स्वतंत्र सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हणून हा लेख. वेबसाइट नसलेल्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण आपण रोज जे शोधतो आणि जे आपल्याला सापडतं, त्याच्यामागे हाच हिशोब असतो.

हा हिशोब चालतो कसा?

सर्च इंजिनची कामं तीन. पहिलं काम म्हणजे इंटरनेटभर फिरून पानं गोळा करणं. दुसरं, त्यांची सूची करणं. जाड पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तशीच ही, फक्त अफाट मोठी. तिसरं, कुणी काही विचारलं की त्या सूचीतली पानं एका क्रमाने मांडणं. पहिल्या दोन कामांवरून सहसा कुणी भांडत नाही. सगळं भांडण तिसऱ्या कामावरून असतं.

१९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी क्रम लावण्याची जी पद्धत मांडली, तिचं नाव पेजरँक. कल्पना आपल्याला सहज समजेल अशी आहे. लग्नासाठी स्थळ आलं की आपण काय पाहतो? किती जणांनी सुचवलं हे पाहतोच, पण सुचवणारा कोण आहे हे त्याहून जास्त पाहतो. पेजरँक तेच करतं. एखाद्या पानाला दुसऱ्या पानांनी लिंक दिली, तर ती शिफारस समजायची, आणि शिफारस करणारं पान स्वतः किती वजनदार आहे, त्यावर तिची किंमत ठरवायची. त्याच वर्षी गूगल कंपनी सुरू झाली आणि ही पद्धत जगभर पसरली.

शिफारशीला किंमत आहे म्हटल्यावर तिचा बाजार भरणारच. लोक पैसे देऊन लिंक विकत घ्यायला लागले. एकच शब्द पानात पन्नास वेळा कोंबायला लागले. मग गूगलने पद्धत बदलली, लोकांनी नवी युक्ती काढली, गूगलने पुन्हा बदलली. गेल्या वीस-बावीस वर्षांचा इतिहास असाच आहे. यात लबाडी करणारे जसे सापडतात, तसे बाजूला उभे असलेले सरळमार्गी छोटे दुकानदारही सापडतात.

नोव्हेंबर २००३ मध्ये झालेल्या एका बदलाला या क्षेत्रातले लोक ‘फ्लोरिडा’ म्हणतात. शब्द कोंबणाऱ्या साइट्स त्यात खाली गेल्या, पण कित्येक छोटी ऑनलाइन दुकानंही गेली, आणि तीही ऐन नाताळच्या खरेदीच्या तोंडावर. धनत्रयोदशीच्या आठवड्यात कुणी आपल्या दुकानाची पाटी उतरवून न्यावी, तसा तो प्रकार होता. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘पांडा’ आला. वरवरचा मजकूर घाऊक भावाने छापणाऱ्या साइट्स त्याने खाली ढकलल्या. अमेरिकेतल्या सुमारे १२ टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असं गूगलनेच सांगितलं होतं. एप्रिल २०१२ मध्ये आलेल्या ‘पेंग्विन’ने खोट्या लिंक पकडल्या. २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइलवरच्या शोधात झुकतं माप मिळू लागलं. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्च इंजिनसाठी लिहिलेला मजकूर आणि माणसांसाठी लिहिलेला मजकूर यांत फरक करणारी व्यवस्था आली, आणि मार्च २०२४ मध्ये ती मुख्य पद्धतीतच मिसळून टाकण्यात आली.

हे झाले नाव मिळालेले मोठे बदल. बाकी हजारो लहान बदल दर वर्षी होतच असतात. म्हणून "नंबर कायमचा पक्का करून देतो" असं कुणी म्हणालं की समजावं, त्याला एक तर माहीत नाही किंवा तो सांगत नाही. पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही, असं गूगलनेही आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलं आहे.

मुक्कीजवळच्या चार खोल्या

आता आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण. माझी आतेबहीण आणि तिचे यजमान कान्हाच्या मुक्की गेटजवळ चार खोल्यांचं होमस्टे चालवतात. खोल्या कर्ज काढून बांधलेल्या आहेत. स्वयंपाकाला आणि झाडलोटीला गावातल्या दोघी जणी येतात. त्यांचा महिन्याचा खर्च या चार खोल्यांवरच चालतो. कान्हाचं मुख्य जंगल ३० जूनला बंद होतं आणि १ ऑक्टोबरला उघडतं. दिवाळीच्या सुट्टीची चौकशी साधारण सप्टेंबरमध्ये सुरू होते. म्हणजे सप्टेंबरात फोन वाजले, तर पुढचे हप्ते निघाले.

एका सप्टेंबरच्या शेवटी तिचा मला फोन आला. "दादा, यंदा फोनच नाही येऊन राहिले. जाहिरात द्यावी का?"

मी म्हटलं, "आधी आकडे पाहू दे, मग पैसे खर्च कर."

साइट चालू होती, मोबाइलवर नीट उघडत होती, फोन नंबरही बरोबर होता. मागच्या वर्षीच्या सप्टेंबरशी तुलना केली तेव्हा दिसलं की हा मोसमाचा चढउतार नाही, सर्चमधूनच लोक येणं कमी झालं आहे. मग एकेक पान वेगळं काढलं आणि चित्र स्पष्ट झालं.

साइटवर दोन तऱ्हेची पानं होती. एका एजन्सीने सुरुवातीला ढीगभर पानं लिहून दिली होती: कान्हाचा इतिहास, कान्हाला जाण्याचा उत्तम काळ, पाहण्यासारख्या दहा जागा. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला, बारशिंगा इथे वाचला, ही माहिती खरी होती, पण तीच शंभर साइट्सवर त्याच क्रमाने होती. ही बहुतेक पानं खाली गेली होती. दुसऱ्या तऱ्हेची पानं बहिणीने फोनवर, वेळ मिळेल तशी, मराठीत लिहिली होती. गोंदिया स्टेशनवर उतरून बालाघाट-बैहरमार्गे मुक्कीला कसं यायचं. जानेवारीच्या पहाटे उघड्या जिप्सीत बसताना काय काय घालायचं. गुडघे दुखणाऱ्या आई-बाबांना जिप्सीत कुठल्या सीटवर बसवायचं. बुधवारी दुपारची सफारी नसते, तेव्हा बुधवार धरून बेत आखू नका. ही पानं जवळजवळ जागच्या जागी होती.

म्हणजे सगळा न्याय बरोबर झाला का? तर नाही. तिच्या यजमानांना पक्ष्यांचा नाद आहे. आपल्या परिसरात कोणता पक्षी कधी दिसतो, याची त्यांनी कित्येक हिवाळ्यांच्या नोंदींवरून केलेली यादी साइटवर होती. त्यातला शब्दन् शब्द त्यांचा स्वतःचा. तीही खाली गेली होती. तिच्यापेक्षा वर काय होतं? कान्हाला कधी पाऊलही न ठेवलेल्या माणसाने लिहिलेली यादी. ते शांतपणे म्हणाले, "पक्षी तर तेच आहेत." मला त्यावर काही उत्तर सुचलं नाही.

या गोष्टीतला हा भाग मुद्दाम सांगतोय, कारण "चांगलं लिहा, नंबर आपोआप येईल" असं सरसकट सांगणारे बरेच भेटतात. चांगलं लिहिलं तर शक्यता वाढते, एवढंच खरं. हिशोब यंत्र करतं आणि ते चुकतंही. परदेशातलं एक गाजलेलं उदाहरण ‘हाउसफ्रेश’चं आहे. हवा शुद्ध करणारी यंत्रं स्वतः विकत घेऊन, तपासून, त्यांवर लिहिणारी ही छोटी साइट. सर्चमधली आपली जागा कशी गेली आणि तिथे मोठ्या नावाच्या नियतकालिकांची पानं कशी आली, हे तिने २०२४ मध्ये सविस्तर मांडलं, तेव्हा जगभरच्या छोट्या साइटवाल्यांना ते आपलंच दुखणं वाटलं.

बहिणीच्या साइटची तपासणी करताना आणखी एक गोष्ट निघाली, ती नंबर घसरण्याहून गंभीर होती. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, त्या एजन्सीच्या ईमेलवर नोंदलेलं होतं. कागदोपत्री दुकानाची पाटी दुसऱ्याच्याच मालकीची. एजन्सीने नूतनीकरण केलं नसतं किंवा फोन उचलणं बंद केलं असतं, तर सर्चमधला क्रम राहिला बाजूला, पत्ताच गेला असता. पाठपुरावा करून ते आधी तिच्या नावावर करून घेतलं.

पण दिवाळीचं काय? सर्चमधली जागा आठवड्याभरात परत येत नाही. अशा वेळी कामाला आल्या पाहुण्यांच्या वह्या. आलेल्या प्रत्येक पाहुण्याचं नाव, गाव, फोन नंबर बहिणीने पहिल्या दिवसापासून वहीत लिहिलेला होता. दोघांनी बसून त्या वह्या काढल्या आणि एकेकाला नावानिशी मेसेज केला: "गेट १ तारखेला उघडतंय, दिवाळीत खोल्या आहेत. पुन्हा मेसेज नको असेल तर तसं कळवा." त्यात कुठे "ऑफर" नव्हती, की दहा रंगांची चित्रं नव्हती. नागपूरचं एक कुटुंब, जे तीन वर्षांपूर्वी येऊन गेलं होतं, ते स्वतः आलं नाही, पण त्यांनी व्याह्यांना पाठवलं. भंडाऱ्याच्या एका शिक्षकांनी आपल्या सहकाऱ्यांचा गट आणला. मोसम जोरात गेला असं म्हणणार नाही, पण हप्ते चुकले नाहीत आणि कामाच्या दोघींना घरी बसवावं लागलं नाही.

पुढे काही महिन्यांनी एजन्सीची बरीचशी पानं आम्ही काढून टाकली, काही नव्याने लिहिली. त्यातली काही वर आली, काही आली नाहीत. पक्ष्यांची यादी अजूनही दुसऱ्या पानावर आहे.

कोर्टकचेरीचं काय?

तरुण मंडळी लगेच विचारतात, "मग तक्रार का करत नाही?" तक्रारी झाल्या आहेत, आपल्या देशातही झाल्या आहेत. भारत मॅट्रिमोनी चालवणारी मॅट्रिमोनी डॉट कॉम ही कंपनी आणि कट्स ही ग्राहक संस्था २०१२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे गेल्या. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयोगाने शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. विमान तिकिटांच्या शोधात स्वतःची चौकट ठळक जागी दाखवणं, हा त्यातला एक मुद्दा होता. गूगलने त्याविरुद्ध अपील केलं. सगळ्या तक्रारी आयोगाने मान्य केल्या असंही नाही.

इंग्लंडमधली गोष्ट त्याहून लांबलेली आहे. शिवॉन आणि अ‍ॅडम रॅफ या जोडप्याने २००६ मध्ये ‘फाउंडेम’ ही किमतींची तुलना करणारी साइट सुरू केली. थोड्याच दिवसांत ती गूगलच्या निकालांत पार खाली गेली. त्यांनी युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. २०१७ मध्ये आयोगाने गूगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. लढाई ते जिंकले. पण फाउंडेम साइट २०१६ मध्येच बंद करावी लागली होती.

असे निकाल महत्त्वाचे आहेत, ते व्हायलाच हवेत. पण मुक्कीच्या चार खोल्यांना पुढच्या महिन्याचा हप्ता असतो. त्यांच्यासाठी उपाय घरातच शोधावा लागतो.

नंबर घसरला तर पहिल्या पंधरा दिवसांत

माझा क्रम असा असतो.

एक, घाबरून काही बदलू नका. आधी मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा. कोचिंग क्लासच्या साइटवर परीक्षा संपल्यावर गर्दी कमी होणारच. गेल्या आठवड्याशी तुलना केली की उगाच धडकी भरते.

दोन, साधी बिघाडं तपासा. साइट उघडते का? सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली नाही ना? नवी रचना करताना डेव्हलपरने "सर्चमध्ये दाखवू नका" ही खूण चुकून तशीच ठेवली नाही ना? हे वाटतं त्यापेक्षा बऱ्याचदा घडतं.

तीन, सर्च कन्सोल हे साधन फुकट आहे, ते बसवून ठेवा. त्यात पान किती वेळा दिसलं, कितव्या क्रमांकावर दिसलं आणि किती जणांनी क्लिक केलं, हे वेगवेगळं कळतं. क्रमांक घसरला असेल तर कारण वेगळं. क्रमांक तोच आहे, दिसणंही तेवढंच आहे, पण क्लिक कमी झाले, तर कारण वेगळं. २०२४ मध्ये मे महिन्यात अमेरिकेत आणि ऑगस्टमध्ये भारतात गूगलने शोधाच्या वर एआयने लिहिलेलं उत्तर दाखवायला सुरुवात केली. "कान्हा कधी उघडतं?" याचं उत्तर तिथेच मिळालं, तर माणूस खाली येईलच कशाला? अशा वेळी एका ओळीत उत्तर संपणाऱ्या पानांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही.

चार, मोठा बदल चालू आहे का, ते पाहा. गूगल असे बदल सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख जाहीर करतं. ते पूर्ण व्हायला कित्येक दिवस लागतात. मार्च २०२४ चा बदल तब्बल ४५ दिवस चालला होता. गाळ खाली बसेपर्यंत पाण्यात हात घालू नये.

पाच, मग पान वाचा, पण परक्या माणसासारखं. हे फक्त आपणच सांगू शकतो, असं यात काय आहे? चिन्नोर विकणाऱ्याने "चिन्नोर हा सुवासिक तांदूळ आहे, त्याला २०२१ मध्ये जीआय मानांकन मिळालं" एवढंच लिहिलं, तर ते सगळ्यांकडे आहे. आपल्या आईच्या हाताने किती पाणी, किती वेळ, नवा आणि जुना तांदूळ यांत काय फरक, कोणत्या शेतातला, कधी कापला, हे फक्त आपल्याकडे आहे.

सहा, लिंक विकत घेऊ नका, आणि "सात दिवसांत पहिला नंबर" असा फोन आला तर नमस्कार करून ठेवून द्या.

हे सगळं करूनही नंबर परत येईलच असं नाही. म्हणून सातवी गोष्ट घसरण्याआधीच करायची असते. साइटचं डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर ठेवा. सगळ्या मजकुराची आणि फोटोंची प्रत घरी ठेवा. आणि आलेल्या ग्राहकाचा नाव-नंबर, त्याला विचारून, लिहून ठेवा. सर्चमधली जागा आपल्याला कुणीतरी दिलेली असते. ग्राहकाशी असलेली ओळख मात्र आपण कमावलेली असते, आणि ती कुठल्या बदलात जात नाही.

यात मराठीचा काय संबंध?

माझ्या मते खूप आहे. जुन्या वाचकांना आठवत असेल, वीसेक वर्षांपूर्वी बऱ्याच मराठी साइट्स वाचायला त्यांचा खास फॉन्ट उतरवून घ्यावा लागायचा. पडद्यावर ‘पाणी’ दिसायचं, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरांचा काहीतरी गोंधळ साठवलेला असायचा. सर्च इंजिनला तो वाचता येत नसे, त्यामुळे मराठी असूनही ते पान मराठीत शोधणाऱ्याला सापडत नसे. युनिकोड रुळल्यावर ही अडचण गेली. म्हणजे मराठी साइट्सनी पहिल्या नंबरसाठी झगडण्याआधी नुसतं दिसण्यासाठीच मोठी वाट चालली आहे.

तरीही त्या काळात मराठी माणसं इंटरनेटवर एकमेकांना सापडत होतीच. अमेरिकेतून सुरू झालेलं मायबोली हे संकेतस्थळ १९९६ सालचं आहे. गूगल कंपनी १९९८ ची, म्हणजे मायबोली गूगलपेक्षा दोन वर्षांनी मोठं! तेव्हा लोक तिथे गूगलच्या पहिल्या पानावरून आले नाहीत. कुणीतरी कुणाला सांगितलं म्हणून आले, आणि रमले म्हणून राहिले.

आता आपल्याकडची परिस्थिती पाहा. आपण मध्य प्रदेशातले मराठी. घरात मराठी, शाळेत हिंदी किंवा इंग्रजी. आपली मुलं फोनवर शोधतात ते हिंदीत किंवा रोमन लिपीत. साइट बनवतानाही आपण मराठी सोडूनच देतो, "कोण वाचणार?" म्हणून. पण बहिणीच्या साइटवर टिकली ती मराठी पानंच होती. त्याचं एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. हिंदी आणि इंग्रजीत कान्हाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. गोंदियाहून येणाऱ्या मराठी कुटुंबासाठी, त्याच्या भाषेत, त्याच्या अडचणी ओळखून लिहिणारे फार थोडे. विदर्भ आपल्या दाराशी आहे. तिथला माणूस मराठीत विचारतो, तेव्हा उत्तर द्यायला आपल्यातलं कुणी असावं.

एक बारीकशी सूचनाही देतो. मराठीत बालाघाट म्हटलं की महाराष्ट्रातली बालाघाटची डोंगररांगही येते. म्हणून पानावर कुठेतरी ‘बालाघाट जिल्हा, मध्य प्रदेश’ असं पूर्ण लिहा, जमल्यास जवळच्या गोंदियाचं नाव घाला. यंत्राला अंदाज बांधायला लावण्यापेक्षा सरळ सांगितलेलं बरं.

आपल्या मंडळाच्या तरुण सभासदांना माझी विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारी, नात्यात कुणाची साइट असेल, तर या रविवारी अर्धा तास काढा. डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि त्याची मुदत कधी संपते, एवढं बघा. काका-मामांना यातलं काही विचारायला संकोच वाटतो, तेव्हा आपणच विचारावं. आणि प्रत्येक साइटवर निदान एक पान मराठीत लिहायला त्यांना मदत करा. भाषा पुस्तकी नको. पाहुणा दारात उभा आहे आणि आपण त्याला रस्ता सांगतोय, अशी असली की झालं.

ज्यांना काही तपासून हवं असेल त्यांनी मंडळामार्फत कळवावं. बहुतेक संध्याकाळी मी मोकळा असतो, आणि चिन्नोरचा भात असेल तर नक्कीच.